पडदा कुठे बांधायचा?

प्रश्न थोडक्यात असा: येवला तालुक्यातले आठ-दहा तरुण-तरुणी सामाजिक न्याय या विषयावर तीन दिवसांचा माहितीपट महोत्सव करू पाहताहेत. वर्गणीतून साठ हजार रुपये जमलेत, बावीस चित्रपटांची यादी झालीय, शहरातला एक एसी हॉल सांगून ठेवलाय. यादीतलं काय ठेवावं, परवानग्या कोणत्या लागतात आणि लोक कसे येतील, असं त्यांनी विचारलंय.

तुमची यादी वाचली. चांगली आहे, पुण्यातल्या कुठल्याही फिल्म सोसायटीला शोभेल. माझी शंका तिथेच सुरू होते. वीस-एकवीस वर्षं मी वस्त्यांमध्ये, शाळांच्या पटांगणांत, एकदा तर कांद्याच्या खळ्यावर माहितीपट दाखवत आलेय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं आम्हीही अशाच याद्या करायचो. तीन दिवस, वीसेक चित्रपट, प्रत्येक खेळाला तीस-पस्तीस माणसं आणि त्यातली पंचवीस आमचीच, म्हणजे संघटनांमधली. एकमेकांच्या माना हलताना बघायच्या, चहा प्यायचा आणि अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ लिहायचं.

म्हणून यादी आठवडाभर कपाटात ठेवा. आधी पडदा कुठे बांधायचा ते ठरवा. कोण येणार, कोण कुठे बसणार, कोण तोंड उघडणार, हे सगळं त्या एका निर्णयात येतं.

हॉलबद्दल माझं मत वाईट आहे आणि त्याला कारण आहे. एका तालुक्याच्या गावी वीटभट्टी कामगारांवरचा चित्रपट आम्ही लग्नाच्या लॉन्सवर ठेवला होता. जागा फुकट मिळाली होती, झाडं होती, संडासांची सोय होती. भट्टीवरच्या तीस-चाळीस जणांना आणायला टेम्पो पाठवला. माणसं आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. आत या म्हटलं तर एक बाई म्हणाली, “इथं आम्ही लग्नात ताटं उचलायला येतो. बसायला कधी आलो नाय.” शेवटी पडदा सोडला, त्याच टेम्पोत टाकला आणि भट्टीवर नेऊन दोन बांबूंना बांधला. खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. जागा फुकट मिळाल्याच्या आनंदात ती कुणाच्या ओळखीची आहे आणि कशासाठी, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गावात हा प्रश्न आणखी बोचतो. मारुतीच्या पारासमोर पडदा बांधला तर बौद्धवाड्यातली माणसं येतात, पण कडेला विजेच्या खांबापाशी उभी राहतात आणि चर्चेच्या आधी निघून जातात. समाजमंदिरात बांधला तर बाकीच्या घरांतले चार-दोन तरुण येतात, थोरले येत नाहीत. उघड कुणी काही बोलत नाही. ‘मोटर चालू करायची होती’ एवढंच. मधली जागा म्हणून मला दोनच ठिकाणं उपयोगी पडली: जिल्हा परिषद शाळेचं पटांगण आणि आठवडे बाजाराची मोकळी जागा. बाजारात प्रत्येक जातीच्या माणसाने कधी ना कधी काहीतरी विकलेलं किंवा घेतलेलं असतं, तिथे उभं राहायला कुणाला निमित्त लागत नाही. मात्र सगळेच खेळ मधल्या जागी घेऊ नका. काही मुद्दाम वस्तीत घ्यायचे, कारण स्वतःच्या दारात माणूस वेगळं बोलतो, बाया तर नक्कीच.

बायांवरून आठवलं. मराठवाड्यातल्या एका गावी पडद्याचं कापड कमी पडलं म्हणून आम्ही दोन पातळ धोतरं जोडून शिवली. प्रकाश आरपार जात होता. खेळ अर्धा झाल्यावर मी मागच्या बाजूला गेले तर पडद्याच्या पाठीमागे साठ-सत्तर बाया बसलेल्या, पोरं मांडीवर. पुढे पुरुषांनी सतरंज्या धरल्या होत्या, त्यामुळे त्या आपसूक मागे गेल्या होत्या. चित्र त्यांना उलटं दिसत होतं, अक्षरं आरशातल्यासारखी. तक्रार कुणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पडदा हलवला नाही, फक्त प्रोजेक्टर उचलून पलीकडच्या बाजूला नेला. बाया कालच्याच जागी बसल्या आणि पुढच्या झाल्या. पुरुषांना आपण मागे गेलोय हे अक्षरं दिसेपर्यंत कळलं नाही. त्या संध्याकाळची चर्चा मी अजून विसरलेले नाही.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. १३ ऑक्टोबर तुमच्या डोक्यात असणारच. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात केली आणि आजही त्या दिवशी मुक्तिभूमीवर बाहेरगावची माणसं येतात. महोत्सव त्या दिवसाला जोडायचा मोह होईल. जोडू नका. त्या दिवशी लोक त्यांच्या ओढीने आलेले असतात, सभा असतात, एका लाऊडस्पीकरवर दुसरा चढलेला असतो, आणि परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. त्याच सुमाराला नवरात्र आणि कोटमगावची यात्रा. संक्रांतीला तुमच्या गावात तीन दिवस माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यादीत ऊसतोड मजुरांवरचे दोन चित्रपट आहेत आणि ते डिसेंबरात तांड्यावर दाखवायचे असं तुम्ही लिहिलंय. डिसेंबरात तांड्यावर असतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. एक तर मे महिन्यात तांड्यावर दाखवा, नाहीतर डिसेंबरातच, पण कारखान्याजवळच्या मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, आणि तेही लवकर, कारण ती माणसं पहाटे अंधारात उठून फडावर जातात.

माझं म्हणणं असं: २६ जानेवारीपासून पुढे, बारावीच्या परीक्षा लागायच्या आत, सहा संध्याकाळी. पाच जागा. रोज एकच चित्रपट. विणकरांच्या गल्लीत एक, बौद्धवाड्यात एक, भिल्ल वस्तीवर एक, बाजारात दोन, शाळेत एक. याला महोत्सव म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पत्रिका छापायला सोपं जातं म्हणून मी म्हणते.

आता यादी काढा.

बावीसमधले सोळा तर आपोआप गळले. उरलेल्यांसाठी पहिली कसोटी लांबीची: अर्धा तास ते पाऊण तास, फार तर पंचावन्न मिनिटं. पुढे बोलायला वेळ उरला पाहिजे. याला अपवाद आहे आणि तो तुमच्या यादीत आहे, ‘जय भीम कॉम्रेड’. आनंद पटवर्धनांनी तो चौदा वर्षं केला, १९९७ च्या घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून पुढे, आणि तो जवळपास तीन तासांचा आहे. तरी वस्तीत माणसं उठत नाहीत, कारण तो शाहिरीवर चालतो आणि रात्रभर जलसा ऐकलेल्या माणसाला तीन तास म्हणजे काहीच नाही. मध्यंतर करा, चहा द्या, पण कापू नका. ‘माहितीपट लोकांना झेपत नाहीत’ हे मत मी फक्त शहरात ऐकलंय.

दुसरी कसोटी सांगायला थोडी अवघड आहे. भिल्ल वस्तीवर भिल्लांच्या दारिद्र्याचा चित्रपट आणि सफाई कामगारांच्या चाळीत गटाराचा चित्रपट, हे गणित मांडू नका. मी मांडलं होतं. चाळीतला एक जण शांतपणे म्हणाला, “ताई, हे आम्ही सकाळीच बघून आलो.” माणसाला स्वतःचं दुःख पडद्यावर बघायला तिथे बोलावणं यात एक उद्धटपणा आहे, तो आपल्या लक्षात येत नाही. त्याला दुसऱ्या कुणीतरी काय केलं ते बघायचं असतं. तेलंगणातल्या जहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बाया स्वतः कॅमेरा चालवतात, त्यांनी वारंगळच्या बीटी कापसावर केलेलं चित्रण आमच्या बायांनी पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न कापसाचा नव्हता, “कॅमेरा जड असतो का?” असा होता. अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेने १९८४ साली असंच केलं होतं; भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया व्हिडिओ करायला शिकल्या. गटाराचा चित्रपट कॉलनीत दाखवा, बंगल्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर. तिथे तो कुणी सकाळी पाहिलेला नसतो.

मात्र चित्रपट ज्यांच्यावर आहे ती माणसं तुमच्याच भागातली असतील तर क्रम उलटा. तेव्हा पहिला खेळ त्यांचा, बंद दाराआड, आणि त्यांनी नको म्हटलं तर खेळ नाही. ही रीत आम्ही शोधलेली नाही. १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने फोगो बेटावरच्या मच्छीमारांवर वीसहून अधिक छोटे चित्रपट केले. सरकार त्यांना बेट सोडून जायला सांगत होतं. दिग्दर्शक कॉलिन लो यांनी ते चित्रपट आधी बेटावरच्याच वस्त्यांमध्ये फिरवले. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गावांनी एकमेकांची गाऱ्हाणी पडद्यावर ऐकली, मग तीच रिळं सरकारपुढे गेली. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, लोक तिथेच राहिले. श्रेय एकट्या चित्रपटांचं नाही, पण खेळांचा क्रम आणि जागा बरोबर होत्या.

क्रम चुकला की काय होतं तेही पाहा. ‘रायटिंग विथ फायर’ तुमच्या यादीत वरच आहे. बुंदेलखंडातल्या दलित बायांनी चालवलेल्या ‘खबर लहरिया’ या बातमीपत्रावरचा हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि मार्च २०२२ मध्ये सोहळ्याच्या तोंडावर खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढलं, की यात आमची गोष्ट अपुरी आणि एकाच बाजूने सांगितलीय. म्हणून दाखवू नका असं नाही. दाखवा आणि खेळ संपल्यावर ते निवेदन मराठीत वाचून दाखवा. चित्रपटाइतकीच चर्चा त्या निवेदनावर होईल, हवं तर पैज लावते.

आणखी एक, एकदाच सांगते. अत्याचारपीडितेचं नाव, चेहरा, घर ओळखू येईल असा चित्रपट ठेवू नका, तो कितीही गाजलेला असो. कायदा आहेच, पण तालुक्यात कायद्याच्या आधी चुलतभाऊ पोचतो.

भाषेचं सांगायचं तर तुमच्या यादीतल्या बहुतेक चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं आहेत, म्हणजे तुमच्या प्रेक्षकांसाठी ती नाहीतच. दिग्दर्शकाकडून मजकूर मागून घ्या आणि मराठी उपशीर्षकं स्वतः बनवा. फुकट सॉफ्टवेअर मिळतं, दोघांना एका चित्रपटाला आठवडा पुरतो. पुस्तकी मराठी लिहू नका. अक्षरं चित्रातच पक्की करून घ्या, कारण वेगळी फाइल ठेवली की काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ‘सत्याग्रह’चं भलतंच काहीतरी होतं. आणि अक्षरं वर ठेवा, खाली नाही. सतरंजीवर बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं आडवं येतं, हे उपशीर्षकं करणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. निम्म्या लोकांना वाचायला अडचण असेल तर उपशीर्षकं सोडा, पडद्याशेजारी माईक घेऊन एक माणूस उभा करा आणि त्याला थेट मराठीत किंवा अहिराणीत सांगू दे. तालमी तीन तरी हव्यात. आमच्याकडे हे काम एक भारूड करणारे काका करायचे. ते मूळ चित्रपटात नसलेलेही दोन-चार टोले हाणायचे, पण लोक त्यांच्यासाठी यायचे.

परवानग्यांबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय. मी वकील नाही, म्हणून तालुका कोर्टातला एखादा बरा वकील सोबत घ्या. ढोबळ चित्र असं आहे. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा माहितीपटाला वेगळं काढत नाही. सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. चित्रपटांची पूर्वतपासणी वैध आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितलं ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका माहितीपटाच्या खटल्यातच. कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं, महोत्सववाले माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तसा अर्ज करतात, पण सूट नाकारलीही जाते. २०१९ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात पटवर्धनांच्या ‘विवेक’ला ती मिळाली नाही आणि केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशावर खेळ झाला. त्याआधी २००४ च्या मुंबईच्या सरकारी महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली, परदेशी चित्रपटांना नाही. दिग्दर्शक एकवटले, अट मागे गेली, पण मग निवडीतच कितीतरी महत्त्वाचे चित्रपट गळले. तेव्हा प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा दिग्दर्शकांचा पर्यायी महोत्सव भरला. मी त्या वेळी नुसती प्रेक्षक होते, जिन्यात बसून पाहिलं, आणि हे आपल्या गावी का नाही, हा किडा तिथून डोक्यात शिरला.

तुमच्यापुरतं: उघड्यावरच्या सहाही खेळांना प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्या आणि प्रमाणपत्राची छापील प्रत खिशात ठेवा. यूट्यूबवर आहे म्हणजे दाखवायला मोकळं, असं नाही. दिग्दर्शकाला दोन ओळींचं पत्र लिहा. गावात दाखवायचंय म्हटल्यावर बहुतेक जण हो म्हणतात, काही पैसे घेत नाहीत, तरी थोडं मानधन पाठवा. त्यांचंही घर आहे.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, शाळेत खेळ असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, पोलीस ठाण्यात लाऊडस्पीकरचा अर्ज. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद, तिथे वाद घालू नका. ‘वातावरण बिघडेल’ म्हणून खेळ थांबवा असं कुणी म्हणालं तर १९८९ चा एस. रंगराजन खटल्याचा निकाल सोबत असू द्या: धमक्यांच्या भीतीने अभिव्यक्ती दाबता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालय त्यात म्हणतं. गंमत म्हणजे तो खटला ज्या तमिळ चित्रपटावरून झाला, तो जातीवर आधारित आरक्षणाच्या विरोधात बोलणारा होता. आपण त्या चित्रपटाला टाळ्या वाजवल्या नसत्या. त्याच्या निकालाच्या सावलीत मात्र बसतो. निकाल खिशातच राहिलेला बरा. मी तो वीस वर्षांत दोनदा बाहेर काढला. बाकी वेळा ठाणेदारांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली की काम झालं.

आता यंत्रं. पडदा बारा फूट रुंद, सात फूट उंच, खालची कड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. मांडववाल्याचं जाड पांढरं कापड चालतं. फ्लेक्सची कोरी बाजू त्याहून बरी, फक्त वारा सुटला की शिडासारखी फुगते, म्हणून तिला मधेमधे भोकं पाडून दोऱ्या घ्या. प्रोजेक्टर चार हजार ल्युमेनच्या खाली नको. शाळेतला चालेल असं मुख्याध्यापक म्हणतील; वर्गात पडदे लावून चालतो, बाहेर चंद्र असला तरी फिका पडतो. जानेवारी संपताना सूर्य सव्वासहा-साडेसहाला जातो, खरा अंधार सातच्या आसपास पडतो. त्याआधी सुरू केलं तर पहिला अर्धा तास लोक भुतं बघतात. रस्त्यावरच्या दिव्याचं वायरमनशी आधी बोला, शेतीच्या फीडरवर त्या आठवड्यात वीज रात्रीची आहे की दिवसाची तेही त्यालाच विचारा. जनरेटर शंभर फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. चित्र थोडं फिकं चालतं, आवाज फाटला की माणूस उठतो. कर्णे घेऊ नका. ते आरोळीसाठी असतात, बोलण्यासाठी नाहीत. दोन खोक्याचे स्पीकर, स्टँडवर, माणसाच्या कानाच्या उंचीच्या थोडे वर. डीजेवाल्याला सांगा की बेस पूर्ण कमी. तो ऐकणार नाही, म्हणून मिक्सरपाशी स्वतःचा माणूस बसवा.

चित्रपट आदल्या रात्री पूर्ण बघा, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, पहिली पाच मिनिटं नव्हे. दोन पेनड्राइव्ह. लॅपटॉपचं नेट बंद. एका खेळात आमच्या एका पोराच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप उघडं होतं, आणि चारशे माणसांनी त्याच्या होणाऱ्या बायकोचा निरोप वाचला. लग्न झालं त्यांचं, पण तो अजून प्रोजेक्टरला हात लावत नाही.

खेळ संपल्यावरच्या अर्ध्या तासासाठीच हा सगळा खटाटोप. तो बहुतेक ठिकाणी सत्कारात मरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. एकदा मी घड्याळ लावून बसले होते: अठ्ठेचाळीस मिनिटांच्या चित्रपटाला सव्वा तासाचा सत्कार. हे सगळं तोडा. संविधानाची उद्देशिका एका शाळकरी मुलीने वाचायची, तीन मिनिटांत पडद्यावर उजेड. नंतर माईक आधी बाईकडे, तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या. पहिल्या रांगेतली कुणाची तरी वहिनी असते. पहिला प्रश्न ‘चित्रपट कसा वाटला’ हा कधीच नको, त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर नाही. ‘यातलं कोणतं माणूस तुमच्या ओळखीचं वाटलं?’ असं विचारा आणि गप्प राहा. गप्प राहणं जमत नाही, पहिली दीड मिनिटं फार लांब वाटतात. तिथे कार्यकर्ता हमखास माईक ओढतो आणि ‘या निमित्ताने मला सांगावंसं वाटतं’ म्हणून सुरू होतो. त्याला आधीच जनरेटरवर नेमून द्या. चर्चेचं चित्रीकरण करू नका. मोबाइल वर दिसला की सरपंचांच्या विरोधात निघालेलं वाक्य परत घशात जातं.

पडद्याशेजारी एक टेबल ठेवा. चित्रपटाने माणूस हलला तर हलून जाणार कुठे? गटारमृत्यूवरचा चित्रपट असेल तर टेबलावर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाची मराठी प्रत हवी, ज्यात भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. भिल्ल वस्तीवर वनहक्काच्या दाव्याचे अर्ज. जातपंचायतीच्या चित्रपटाला महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याचा एक पानी सारांश. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र दिलं तर ते स्वयंसेवक पाठवतात. त्यांचा १५१०० हा क्रमांक फळ्यावर मोठा लिहा. एका गावी त्या टेबलावर चित्रपटाविषयी कुणी एक शब्द बोललं नाही, पण अकरा जण रेशनकार्डाच्या तक्रारी घेऊन आले. आम्ही त्या लिहून घेतल्या. पुढच्या वर्षी त्या गावात आम्हाला पडदा बांधावा लागला नाही, त्यांनीच बांधून ठेवला होता.

पैसे. साठ हजारांत सहा संध्याकाळी आरामात बसतात, डेकोरेटर, साउंड आणि प्रोजेक्टर यांचं सहा दिवसांचं एकगठ्ठा ठरवलं तर. उरतील त्यातून मानधनं आणि चहा. पुरस्कर्ता शोधू नका. २००६ साली गोरखपूरला ‘प्रतिरोध का सिनेमा’ सुरू झाला तो कंपनी किंवा सरकार कुणाचाही पैसा न घेता, प्रेक्षकांच्या वर्गणीवर, आणि त्याच रीतीवर तो उत्तरेतल्या कितीतरी गावांत गेला. आपल्याकडेही झोळी फिरवली की लोक देतात, दहा-वीस रुपये देतात, पण मग तो खेळ त्यांचा होतो. आमदारांचा फोटो फ्लेक्सवर टाकायचा आग्रह होईल. टाकलात तर ज्यांनी त्यांना मत दिलं नाही तेवढे घरी बसतील, आणि फोटो दुसऱ्याचा टाकलात तर उरलेले.

हॉलचा आगाऊ परत मिळत नसेल तर हॉल सोडू नका. सहा संध्याकाळी झाल्या की सातव्या दिवशी तो वापरा. सगळ्या ठिकाणची माणसं टेम्पोने आणा, कॉलनीतल्या आणि कॉलेजातल्या मंडळींना बोलवा, आणि सहांपैकी लोकांना सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं तो चित्रपट पुन्हा दाखवा. पुढच्या तीन रांगा वस्त्यांसाठी राखून ठेवा, चिठ्ठ्या लावून, नाहीतर त्या भरतात कुणी भरायच्या ते तुम्हाला माहीत आहे. चित्रपटानंतर जेवण ठेवा. आणि ताटं तुम्ही उचला.